यकृताचे मौन

‘काळीज’ हा शब्द उच्चारताच आपला हात नकळत छातीकडे जातो. आमच्या कोंकणी मातृभाषेतही काळीज म्हणजे हृदयच. मटणाच्या दुकानी मात्र काळीज मागितले, तर दुकानदार यकृतच बांधून देतो! नावाचा मान असा हृदयाकडे गेला, तरी यकृत उजव्या बरगड्यांखाली जन्मभर मुकाट्याने राबत असते. त्याच्या या मुकेपणातूनच पुष्कळ अनर्थ ओढवतात. त्यांविषयी चार शब्द लिहावे, असा आमचा मानस आहे.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. जेवणातून आलेली साखर साठविणे आणि उपाशीपोटी ती रक्तात सोडणे हे त्याचे एक कार्य होय. यकृत स्वतःच साखर निर्माण करते, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ साली दाखवून दिले. दुसरे कार्य विषशोधनाचे. आतड्यांत अन्नातील प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो. यकृत त्याचे निरुपद्रवी यूरियात रूपांतर करते. ही साखळी हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडली.

एवढा कामाचा हा अवयव, पण दुखणे सांगत नाही. वेदना जाणणारे मज्जातंतू त्याच्या आवरणात असतात, अंतर्भागात जवळजवळ नसतातच. त्यामुळे आत चरबी साचते, दाह होतो, व्रण पडतात आणि शेवटी यकृत घट्ट व गाठाळ होते, तरी रोग्यास त्याची वार्ता नसते. या अखेरच्या अवस्थेस ‘सिरॉसिस’ म्हणतात.

आमच्या मामांचे उदाहरण सांगतो. ते किराणा दुकान चालवीत. खतावणीतील त्यांचे अक्षर छापल्यासारखे. मद्याच्या थेंबालाही त्यांनी कधी स्पर्श केला नाही. मधुमेह मात्र जुना होता. पुढे ते दिवसा पेंगू लागले, रात्री जागू लागले, क्षुल्लक कारणावरून मामींवर खेकसू लागले. बेरजा चुकू लागल्या. ‘वय झाले’ एवढे म्हणून आम्ही सर्वांनी तो विषय मिटविला. इतकेच नव्हे, तर झोपेची गोळी घेण्याचा सल्लाही आम्हीच दिला. एके सकाळी मामा स्वतःच्या दुकानाची वाट विसरले, तेव्हा कुठे त्यांना इस्पितळात नेले.

वाहन थांबविताना धरतो तसे दोन्ही पंजे समोर धरण्यास डॉक्टरांनी त्यांना सांगितले. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडू लागले. कागदावर तारा काढावयास सांगितला, तर रेघांची टोके जुळेनात. पुढील तपासण्यांत सिरॉसिसचे निदान झाले. यकृताने न अडविलेली विषद्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचत होती. अशा वेळी बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा झोपेची गोळी यांनी प्रकृती अधिकच बिघडते, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

लॅक्टुलोज नावाचे गोड पातळ औषध सुरू झाले. ते आतड्यांतील अमोनिया शौचावाटे बाहेर काढण्यास साहाय्य करते. काही दिवसांत मामांचे भान परतले, अक्षरही बरेचसे सुधारले. यकृत मात्र पूर्ववत झाले नाही. पुढे जुन्या वह्या चाळताना दिसले की, त्यांचे अक्षर वर्षभर आधीपासूनच ओळ सोडून वाहू लागले होते. रोज मुलांच्या वह्या तपासणारे आम्ही. पण घरातील ही एक वही आम्ही वाचली नाही!

‘दारूवाचून का यकृत बिघडते?’ अशी कुजबुजही कानांवर आली. हा समज खोटा आहे. मधुमेह, स्थूलता आणि रक्तातील वाढती चरबी यांनीही यकृत मेदाने भरते. म्हणूनच २०२३ साली यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी या विकाराच्या नावातच ‘चयापचयाचा बिघाड’ हे कारण घातले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता, आणि मधुमेहींच्या प्रमाणात २६.४ टक्क्यांसह आमचा गोवा सर्व राज्यांत पहिला ठरला होता. असा पहिला क्रमांक कोणास हवा?

विद्यार्थी मित्रहो, घरी कोणास मधुमेह असेल, तर केवळ साखर मोजून थांबू नका. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पावले यांची दरवर्षी तपासणी व्हावी, आणि यकृताविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. वय, रक्तातील दोन विकरे आणि रक्तबिंबिकांची संख्या एवढ्यावरून साध्या गणिताने यकृतातील व्रणांचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. रोग वेळीच उमगला, तर स्थूल व्यक्तीने वजन ७ ते १० टक्के घटविल्यास दाह ओसरतो, व्रणही कमी होऊ शकतात.

आणखी एक विनंती. घरातील वडीलधारे माणूस एकाएकी चिडखोर झाले, रात्री जागू लागले, त्याचे अक्षर बिघडले, तर त्यावर रागावू नका, हसू नका आणि ‘वय झाले’ म्हणून स्वस्थही बसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. सोबत त्याची जुनी वहीही न्या.