बीव्हरांच्या गावचा दुष्काळ

'टिंबरबॉर्न' हा 'मेकॅनिस्ट्री' या पोलंडमधल्या स्टुडिओचा गेम 2021 साली अर्ली ॲक्सेसमध्ये आला. त्यात माणसं नामशेष झालीत आणि लाकूड कुरतडणारे बीव्हर शहरं वसवताहेत. मी त्यांचा बिनपगारी पाटबंधारे मंत्री. या खात्यात बसून काही गोष्टी ध्यानात आल्या.

1. दुष्काळाचा निकाल सुकाळातच लागलेला असतो. नदी दुथडी भरून वाहते, गाजरं पिकतात, मी खुशीत नवी घरं बांधतो. घरं झाली की पिल्लं होतात, म्हणजे पाणी पिणारी तोंडं वाढतात. मग झरे आटतात. दुष्काळ येतोय ही सूचना गेम आधी देतो. पण तोवर गावाची लोकसंख्या ठरून गेलेली असते.

2. पसरट तलाव दिसायला श्रीमंत, टिकायला दरिद्री. इथलं पाणी पृष्ठभागावरून उडून जातं. तेवढंच पाणी अरुंद आणि खोल जागेत साठवलं तर कितीतरी जास्त दिवस पुरतं. जायकवाडी धरणातून बाष्पीभवनाने किती पाणी गेलं, याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. गेममध्ये मात्र पातळी डोळ्यांदेखत उतरते. आधी काठ उघडे पडतात, मग पंपाचं तोंड कोरडं पडतं. ओलावा जाईल तशी जमिनीची हिरवाई आक्रसत जाते आणि लांबची शेतं पहिल्यांदा पिवळी पडतात. गावाच्या वेशीवर कोणाची शेतं असतात, हा प्रश्न तेव्हा उगाच मनात येतो.

3. एक गोष्ट थांबली की तिच्या मागची सगळी रांग थांबते. नदी आटली की पाणचक्क्या बंद, चक्क्या बंद की लाकूड कापण्याची गिरणी बंद. फळ्या हव्यात हे कळतं, ते नेमकं त्याच दिवशी.

4. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे लहानपणापासून भिंतींवर वाचत आलो. नंतरच्या एका अपडेटने तेही उलटं केलं. आता अधूनमधून झऱ्यांतून स्वच्छ पाण्याऐवजी विषारी पाणी येतं. ते अडवलं तर धरण नासतं, जिरलं तर माती. बीव्हर आजारी पडतात ते वेगळंच. ते पाणी वळवून गावाबाहेर काढणारा पाट खणावा लागतो. अडवायचं काय आणि सोडायचं काय, हे दर ऋतूला नव्याने ठरवा! या खेळातली सगळ्यात हुशार करामत मला हीच वाटते.

5. चांगल्या दिवसांत मी गेम सर्वांत जास्त वेगाने पळवतो आणि दुष्काळ लागला की पॉज करून विचार करत बसतो. याबद्दल जास्त बोलत नाही.

तुम्ही खेळणार असाल तर 'ईझी'वर सुरू करा, त्यात कमीपणा नाही. आणि पहिल्या दुष्काळाआधी टाक्या बांधा. घरं मागाहूनही बांधता येतात.