आठ तालुक्यांचा तक्ता

पोरी, पालघर जिल्ह्याच्या अहवालाचे तक्ते ‘आर’ या संगणकीय भाषेतून थेट पीडीएफमध्ये काढायचेत म्हणालीस, म्हणून हे लिहून ठेवतो. रंगाला आणि ठळक अक्षरांना नंतर हात लाव, आधी आकडे जुळव.

2011 ची जनगणना झाली तेव्हा आपला जिल्हाच नव्हता. तो 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून निघाला. म्हणजे जुन्या ठाण्याच्या 15 तालुक्यांतून आपले 8 वेचून घ्यायचे: वसई 13,43,402, पालघर 5,50,166, डहाणू 4,02,095, वाडा 1,78,370, तलासरी 1,54,818, जव्हार 1,40,187, विक्रमगड 1,37,625 आणि मोखाडा 83,453. बेरीज 29,90,116 भरली पाहिजे. भरली नाही तर तिथेच थांब. शिवाय पहिल्या ओळीत नुसतं ‘वसई’ लिहू नकोस, ‘वसई तालुका’ लिही. वसई-विरार महानगरपालिका 2009 पासून आहे, तिची लोकसंख्या वेगळी मोजलेली आहे आणि वाचणारे हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

ओळी वर दिल्यात तशाच, उतरत्या क्रमाने लाव. वर्णानुक्रम लावलास तर जव्हार पहिला येतो आणि वसई सहाव्या ओळीत जाते. उतरत्या क्रमात मात्र एकट्या वसईत जिल्ह्याची 44.9 टक्के माणसं आणि मोखाड्यात 2.8 टक्के, हे बघताक्षणी कळतं.

आता देवनागरी. पीडीएफ बनवताना नेहमीचं पीडीएफलाटेक आपल्या लिपीपाशी अडतं. झीलाटेक किंवा लुआलाटेक निवड. फॉन्ट नाव घेऊन सांग, नोटो देवनागरी किंवा मुक्त, आणि त्यासोबत लिपी देवनागरी आहे हेही सांग. तेवढं राहिलं तर अक्षरं उमटतात, पण वेलांटी भलत्या जागी बसते आणि जोडाक्षरं फुटतात. त्याची परीक्षा ‘विक्रमगड’वर घे. दोन्ही अडचणी त्या एका शब्दात आहेत: ‘वि’ची वेलांटी आणि ‘क्र’. तो नीट छापला गेला म्हणजे फॉन्टची काळजी मिटली.

स्वल्पविरामाकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. आरला नुसता स्वल्पविराम घालायला सांगितलं तर ते तीन-तीन अंकांनी तोडतं, म्हणून वसईचा आकडा 1,343,402 असा येतो. आपल्या माणसाला तो लाखांत वाचायचा असतो. ‘जीटी’ पॅकेजमध्ये भारतीय पद्धत निवडता येते. ‘केबल’ फंक्शन आणि ‘केबल एक्स्ट्रा’ पॅकेज वापरणार असशील तर त्यासाठी छोटं फंक्शन लिहून घे. मात्र स्वल्पविराम घातला की आरच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मग बेरीज होत नाही आणि रकाना गुपचूप डावीकडे सरकतो. म्हणून बेरीज-टक्केवारी आधी उरक, स्वल्पविराम शेवटी घाल आणि रकाना उजवीकडे लावायला स्पष्ट सांग. एककाखाली एकक आलं नाही तर तक्ता वाचताच येत नाही.

रेघांसाठी बुकटॅब्ज ठेव. वर, मथळ्याखाली आणि तळाशी अशा तीन आडव्या रेघा पुरतात, उभ्या रेघा नकोतच. केबलमध्ये बुकटॅब्ज लावल्यावर दर पाच ओळींनंतर एक मोकळी फट आपोआप पडते. आठ तालुक्यांत ती जव्हारच्या वर येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल, खालचे तीन तालुके वेगळ्या गटातले आहेत. ‘लाइनसेप’ रिकामं ठेवलंस की फट जाते. आठ ओळींना एकाआड एक रंगीत पट्ट्यांची गरज नाही. गावांची यादी असेल तेव्हा पट्टे लाव, फिकट करड्या रंगाचे. बहुतेक ठिकाणी हा कागद काळ्या-पांढऱ्यातच छापला जाणार आहे.

गावांची यादी पानाबाहेर गेली तर ‘लाँगटेबल’ लाव आणि मथळा प्रत्येक पानावर पुन्हा येऊ दे. तिसऱ्या पानावर कुठला रकाना पुरुषांचा आणि कुठला स्त्रियांचा हे कुणी लक्षात ठेवत नाही. तक्ता रुंदीला मावत नसेल तर अख्खा आकसू नकोस, अक्षरं मुंगीएवढी होतात. नावाच्या रकान्याला चार सेंटिमीटर रुंदी दे म्हणजे लांब नाव खालच्या ओळीत येईल, नाहीतर पान आडवं कर.

टक्क्याचं चिन्ह जपून वापर. लाटेकमध्ये त्याच्यापुढचा मजकूर टीप समजून गाळला जातो. एरवी केबल हे स्वतः सांभाळतं, पण सजावटीसाठी तू ‘एस्केप’ बंद केलंस की ती जबाबदारी तुझी. मी तर ‘टक्के’ हा शब्द मथळ्यात लिहितो आणि रकान्यात निव्वळ आकडे ठेवतो.

तळटीप तक्त्यालाच जोड, खालच्या परिच्छेदात नको. लोक तक्ता तेवढा कापून दुसरीकडे चिकटवतात. तीत लिही: जनगणना 2011, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आठ तालुके. टीप लांबली तर ‘थ्रीपार्टटेबल’ चालू कर, म्हणजे ती तक्त्याच्या रुंदीतच मोडेल.