वाळवंटाची सहल : ठिकाणं नव्हे, तास मोजा

प्रश्न : डिसेंबरात जोधपूर-जैसलमेर-बिकानेर ही समूह सहल कशी निवडावी?

उत्तर : यादीतली ठिकाणं नव्हे, बसमधले तास पाहून निवडा. जोधपूर-जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर, पुढे बिकानेर सुमारे ३३०. प्रत्येक टप्प्यात पाच-सहा तास जातात. म्हणून जैसलमेरला दोन मुक्काम हवेतच. तरच किल्ला आणि ४० किलोमीटरवरच्या समच्या वाळूच्या टेकड्या निवांत पाहता येतात. ‘समूहात बाजार मनासारखा फिरता येत नाही’, हा आक्षेप रास्त आहे. पण जोधपूरच्या सरदार मार्केटसाठी मोकळा वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच लिहून घेता येतो. गाइडने नेलेल्या दुकानात लगेच खरेदी करू नका, भाव आणखी दोन ठिकाणी विचारा. आणि स्वेटर घ्याच. तिथल्या रात्री चांगल्याच गारठवतात.