वादळांच्या वाटेला ऊब देणारा समुद्र

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पावसाची ओढ येथे नित्याचीच. परंतु काढणीच्या वेळी येणारी गारपीट अधिक जिव्हारी लागते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला सुमारे दोन आठवडे गारपिटीने झोडपले. अहमदनगर जिल्हाही त्यातून सुटला नाही. या संकटाचे मूळ शोधू गेल्यास समशीतोष्ण कटिबंधातील वादळांपर्यंत जावे लागते.

बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ प्रामुख्याने समुद्राच्या वाफेवर पोसले जाते. समशीतोष्ण कटिबंधातील वादळाची रीत निराळी. विषुववृत्ताकडील उबदार हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानातील तफावत हे त्याचे मुख्य भांडवल होय. हलकी उबदार हवा उत्तरेकडे सरकत वर चढते, जड थंड हवा दक्षिणेकडे खाली उतरते, आणि या उलथापालथीतून वाऱ्याला जोर मिळतो. येथेच एक कोडे उभे राहते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळल्या की तफावत घटते; म्हणजे वादळ आपलेच भांडवल खाऊन टाकते. तरीही उत्तर अमेरिकेच्या व जपानच्या पूर्व किनाऱ्यांपासून निघणाऱ्या ठराविक वाटांनी हिवाळाभर एकामागून एक वादळे जातच असतात. ती कशी?

उत्तर समुद्रात आहे. त्या किनाऱ्यांलगत गल्फ स्ट्रीम व कुरोशिओ हे उबदार प्रवाह वाहतात. वादळ पुढे सरकले की त्याच्या पाठोपाठ खंडावरील कोरडी, गारठलेली हवा या प्रवाहांवर येते. समुद्र तिला ऊब देतो, वाफही देतो. जमिनीकडील हवा मात्र थंडच राहते. त्यामुळे पुसली गेलेली तफावत थोड्याच दिवसांत पूर्ववत होते. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता तीत साठते. पुढच्या वादळात त्या वाफेचे ढग बनताना ती मोकळी होऊन चढत्या हवेला आणखी बळ देते. ब्रायन हॉस्किन्स व पॉल व्हॅल्डीझ या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, वादळांच्या वाटा टिकून राहण्यात या उष्णतेचा वाटा मोठा आहे. विशेष म्हणजे, ज्या वाऱ्यांमुळे हे सागरी प्रवाह वाहतात, त्या वाऱ्यांना ही वादळेच हातभार लावतात!

आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पश्चिमी विक्षोभ याच कुळातील. भूमध्य समुद्राच्या परिसरातून ते पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे येतात. पंजाबचा शेतकरी गव्हासाठी त्यांच्या पावसाची वाट पाहतो. सुप्यासारख्या गावापर्यंत त्यांचा प्रभाव क्वचितच पोहोचतो. २०१४ मध्ये मात्र पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा नेहमीपेक्षा बराच दक्षिणेस उतरला. वरच्या थरात थंड हवा, खाली समुद्राकडून आलेली बाष्पयुक्त हवा, आणि गारा. प्रत्येक अवकाळी पावसाला हे कारण लावणे मात्र चूक ठरेल. एप्रिल-मेमधील वळीव मुख्यतः स्थानिक उष्णतेने येतो.

विक्षोभ येत असल्याची चाहूल हवामान खात्याला काही दिवस आधी लागू शकते. गारा नेमक्या कोणत्या शिवारात पडतील, हे मात्र रडारवर ढग दिसू लागल्यावर, अवघे काही तास आधीच सांगता येते.