‘चांगली प्रत’ म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत खांडेकर, जयवंत दळवी, आरती प्रभू यांची जुनी पुस्तकं निघाली. मुंबईचे एक संग्राहक ती घ्यायला तयार आहेत. ‘कंडिशन कळवा’ म्हणाले, म्हणून ‘चांगली आहे’ असं कळवलं. त्यावर त्यांनी विचारलं, ‘गुड की फाइन?’ नेमकं काय लिहावं? — एक वाचक, आचरा (ता. मालवण)

उत्तर : ‘चांगली’ एवढंच लिहून आचऱ्याच्या वाचकांनी नकळत आपलाच भाव उतरवला असता. जुन्या पुस्तकांच्या व्यापारातली श्रेणींची उतरंड ‘एबी बुकमन्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकाने 1949 मध्ये सुचवली आणि थोड्याफार फरकाने ती जगभर चालते. सगळ्यात वर ‘ॲज न्यू’, म्हणजे छापखान्यातून नुकतीच आल्यासारखी. मग ‘फाइन’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’ आणि तळाला ‘पुअर’. यातली ‘गुड’ प्रत म्हणजे वापरून मळलेली, कोपरे झिजलेली, पण मजकुराचं एकही पान न हरवलेली सर्वसाधारण प्रत. ‘फेअर’मध्ये मजकूर पूर्ण असतो, मात्र पुठ्ठ्यालगतची कोरी पानं किंवा नुसतं नाव छापलेलं पहिलं पान गेलेलं चालतं. ‘पुअर’ फक्त वाचण्यापुरती. मजकुराचं पान गहाळ असेल तर ते वेगळं सांगावंच लागतं, मग श्रेणी कोणतीही असो.

दोन श्रेणी तिरक्या रेघेने जोडलेल्या दिसल्या, तर पहिली पुस्तकाची आणि दुसरी बाहेरच्या सुट्या वेष्टनाची. मराठीत या वेष्टनाकडे फार दुर्लक्ष झालं. घरोघरी ते फाटलं की फेकून द्यायचे आणि वर खाकी कागद चढवायचे. वाचनालयांनी तर नव्या पुस्तकांचीही वेष्टनं काढून सरसकट कापडी बांधणी केली. मूळचे मडगावचे दीनानाथ दलाल यांनी मुखपृष्ठं रंगवली त्या काळातलं एखादं पुस्तक वेष्टनासकट हाती आलं, तर संग्राहक आधी ते वेष्टन पाहतो.

किनाऱ्यावरच्या पुस्तकांची दुखणी ठरलेली आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पानं नुसती पिवळी पडली असतील तर तो लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदातल्या आम्लाचा परिणाम. तांबूस ठिपक्यांना ‘फॉक्सिंग’ म्हणतात. दमट हवेतली बुरशी आणि कागदातले लोहाचे कण यांचा त्यात हात असतो. हे ठिपके थोडे असतील आणि तसं सांगितलेलं असेल, तर प्रत ‘व्हेरी गुड’ राहू शकते. कसर पानाचा पृष्ठभाग कुरतडते, वाळवी आरपार भोकं पाडते. हाताला लागणारी, कुबट वास येणारी जिवंत बुरशी मात्र गिऱ्हाईक पळवते, कारण ती शेजारच्या पुस्तकांत पसरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि मालवणात पावसाळाभर ती त्याहून खाली क्वचितच येते. बंद पेटीत ठेवलेली पुस्तकं सुरक्षित, हा समज सोडून द्यावा.

विकण्याआधी डागडुजी करण्याचा मोह अनेकांना होतो. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये, नवी बांधणी तर मुळीच नको. ढिली झालेली जुजबंदी (पानांची शिवण) किंवा सुटा झालेला फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) आहे तसा दाखवलेला बरा.

आता आवृत्ती. खांडेकरांची ‘ययाति’ आणि आरती प्रभूंचा ‘जोगवा’ ही दोन्ही पुस्तकं 1959 ची. पण प्रतीवर ‘प्रथमावृत्ती 1959’ दिसलं म्हणून ती पहिल्या आवृत्तीचीच ठरत नाही. पुनर्मुद्रणातही तीच ओळ वर असते, खाली पुढच्या आवृत्त्यांची यादी. ती शेवटपर्यंत वाचावी. फक्त शक दिला असेल तर 78 मिळवावेत (जानेवारी ते गुढीपाडवा या काळात 79). म्हणजे शके 1881 हे बहुतांशी 1959. किमतीवरूनही अंदाज येतो. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली, तेव्हा किंमत आण्यांत छापलेली असेल तर पुस्तक साधारण त्याआधीचं. ‘नये पैसे’ असेल तर 1957 ते 1964 च्या दरम्यानचं.

पहिल्या पानावर आजोबांनी टाकानं लिहिलेलं नाव, वाईट वाटलं तरी, दोषात धरलं जातं. लेखकाची सही असेल तर उलट. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याला शिक्षक होते. तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला त्यांनी नाव घालून दिलेली प्रत निघाली, तर ती नुसत्या सहीपेक्षा मोलाची. अशी प्रत घाईने विकू नये.

किमतीचा पक्का तक्ता कुठेच नाही. एकच पुस्तक ‘फाइन’ आणि ‘फेअर’ अशा दोन रूपांत असेल तर भाव कित्येक पटींनी बदलतो, आणि ज्याच्या हजारो प्रती फिरताहेत ते कितीही जुनं असलं तरी स्वस्तच. आचऱ्याच्या वाचकांनी इंग्रजी श्रेणीच्या मागे न लागता सरळ दोष लिहावेत : वेष्टन आहे की नाही, पानं किती, ठिपके कुठे, कसर कुठे, सही कोणाची. सोबत फोटो. पापलेटाचे कल्ले उघडून पाहणाऱ्याला विक्रेत्याची स्तुती नको असते.

प्रश्न : ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘उत्तम स्थिती’ म्हणून पुस्तक मागवलं. आलं ते वाचनालयाच्या शिक्क्यासकट, मधली आठ पानं गायब. विक्रेता म्हणतो, जुन्या मालाची हमी नसते. — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : हमी नसते, पण वर्णन बंधनकारक असतं. वस्तुविक्री कायदा, 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. नसेल तर तो नाकारता येतो. हे कलम दुकानदाराइतकंच घरातलं पुस्तक विकणाऱ्यालाही लागू आहे, हे आचऱ्याच्या वाचकांनीही ध्यानात ठेवावं. मात्र माल स्वीकारून महिनोन् महिने कपाटात ठेवला तर परत करण्याचा हक्क सुटतो, उरते ती फक्त भरपाई. म्हणून पाकीट उघडताच फोटो आणि लेखी तक्रार.

विक्रेता व्यावसायिक असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. वस्तूची प्रत किंवा श्रेणी खोटी सांगणं ही त्याच्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तरीही जमलं नाही तर सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

शिक्क्याची गोष्ट वेगळी. वाचनालयं जुनी पुस्तकं रीतसर बाद करून विकतात, तेव्हा शिक्का असणं हा गुन्हा नव्हे. पण ‘बाद’ अशी नोंद नसेल, तर दाखल क्रमांक घेऊन त्या वाचनालयाला विचारावं. चोरीच्या मालाची मालकी पैसे मोजूनही मिळत नाही.

प्रश्न : घरातली हस्तलिखित पोथी मुलाला परदेशी न्यायची आहे. चालेल का? — एक वाचक, देवगड

उत्तर : आधी वय तपासावं. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार वाङ्मयीन, ऐतिहासिक वा कलात्मक मूल्याचं हस्तलिखित 75 वर्षांचं झालं की ते पुरावस्तू ठरतं, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पोथीत चित्रं असतील तर तिची नोंदणीही सक्तीची आहे. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा. तो हातात येईपर्यंत पोथी बॅगेत घालू नये. मुलाला सध्या स्कॅन करून पाठवावी.