गोड पान आणि मधुमेहाची गोळी

मागच्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी पत्नीसह दवाखान्यात आले. वय ६५, मधुमेह १२ वर्षांचा. उपाशीपोटी रक्तातील साखर २५६ भरली. दोन महिन्यांपूर्वी हीच १३० होती. "गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारताच गुरुजी घुटमळले. बाईंनीच सांगून टाकले, "महिना झाला, बंद केल्यात. प्रदर्शनातून गोड पानांची भुकटी आणलीय, तीच घेतात. साखर मुळापासून जाते म्हणे!"

ही भुकटी स्टेव्हियाची. रोपवाटिकेत 'गोड तुळस' म्हणून हे रोप मिळते, पण तुळशीशी त्याचे नाते नाही. ते झेंडू-शेवंतीच्या कुळातले. मूळचे दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशाचे. तेथील ग्वारानी लोक आपले कडवट पेय गोड करण्यासाठी ही पाने वापरीत. पानांतील गोड द्रव्ये साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. आपले पाचकरस ती पचवू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती फोडतात आणि उरलेला भाग यकृतामार्गे लघवीतून बाहेर पडतो. म्हणून उष्मांक जवळजवळ शून्य, आणि रक्तातील साखरही वाढत नाही. आपल्या देशात २०१५ साली अन्नपदार्थांत वापरण्यास परवानगी मिळाली ती या शुद्ध केलेल्या द्रव्यांना.

मात्र साखर न वाढवणे वेगळे आणि वाढलेली साखर उतरवणे वेगळे. गुरुजींची गफलत इथेच झाली. तशी आशा वाटावी असे काही घडले होते, हेही खरे. २००४ साली डेन्मार्कमध्ये १२ मधुमेहींना जेवणाबरोबर यातील एक द्रव्य १ ग्रॅम दिले, तेव्हा जेवणानंतरची साखर सुमारे १८ टक्क्यांनी कमी चढली. पण ती एकाच जेवणाची गोष्ट. पुढे २००८ साली अशाच एका द्रव्याचा रोज १ ग्रॅम डोस १६ आठवडे देऊन पाहिला, तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत काहीच फरक दिसला नाही. अशा वस्तूच्या भरवशावर गोळी सोडायची कशी?

चहात साखरेऐवजी ती जरूर घाला. तेवढी साखर पोटात जायची वाचली. शिऱ्यात घातली तरी रवा आणि तूप आहे तिथेच राहते, हे विसरू नका. विकतच्या पुडीवरील बारीक अक्षरे भिंग लावून वाचा. काही पुड्यांत वजन भरण्यासाठी डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रीन असते, आणि ती दोन्ही साखर वाढवतात.

एक गोष्ट मी बाईंना दोनदा बजावली. गुरुजींच्या गोळ्यांपैकी एक अशी आहे, की जेवण चुकले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. त्या वेळी स्टेव्हियाचा चहा दिला तर जीभ गोड होईल, रक्तात काही पोचणार नाही. तेव्हा खरी साखरच हवी: शुद्धीवर असतील तर तीन चमचे पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी साखर तपासायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

"अहो, पण घरातला साखरेचा डबाच यांनी शेजारी देऊन टाकलाय," बाई म्हणाल्या. म्हटले, आज जाताना पाव किलो घेऊन जा.