दिलेला शब्द आणि अधिक वेतन

वाचनभाग : स्तोत्रसंहिता 15, नीतिसूत्रे 6:1–5.

समजा, एका बंधूने एका गावच्या शाळेची नोकरी पत्करिली व "सोमवारी हजर होतो" असे कळविले. शनिवारी दुसरीकडून अधिक वेतनाचे बोलावणे आले. घरी कर्ज आहे, मुले लहान आहेत. त्याने काय करावे?

अधिक वेतन इच्छिणे पाप नव्हे; परंतु तो आता मोकळा नाही. 15 व्या स्तोत्रातील नीतिमान मनुष्य स्वतःची हानी झाली तरी वचन फिरवीत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यातही प्रस्ताव स्वीकारला म्हणजे त्याचे वचन होते, आणि ज्यास वचन दिले त्यास ते माफ करिता येते.

मग सुटकेचा मार्ग आहे काय? आहे. जामीन राहून स्वतःच्या शब्दांत अडकलेल्यास नीतिसूत्रकार सांगतो की, झोपही न घेता शेजाऱ्याकडे जाऊन नम्रपणे विनवणी करावी. येथेही तीच रीत लागू पडते. न कळविता गैरहजर राहणे हा अन्याय होय, कारण त्या शाळेने त्याच्या भरवशावर इतर उमेदवारांस परत लाविले आहे. म्हणून स्वतः जावे, खरे कारण सांगावे, दुसरा शिक्षक मिळेपर्यंत काम करण्याची तयारी दाखवावी. त्यांनी मोकळे केले तर उपकार मानून जावे. न केले तर सोमवारी तेथेच हजर व्हावे.

बंधूंनो, आपल्या होकारावर गावाचा विश्वास नसेल, तर आपल्या उपदेशावर तो कसा बसेल?

प्रश्न : मी कोणास दिलेले वचन आज अपुरे राहिले आहे?